मोसमकाठचे बारेकरी

माझ्या आजोबांच्या नावावर एक गुंठाही जमीन नव्हती, आणि तरी आमच्या गावातल्या प्रत्येक बागायती शेताचं पाणी त्यांच्या हातून जायचं. ते बारेकरी होते. नाशिक शहरात हा शब्द काढला की लोक विचारतात, म्हणजे काय? पश्चिम महाराष्ट्रात शेताला पाणी देण्याला दारं धरणं म्हणतात. आमच्या बागलाणात म्हणतात बारं देणं. जो बारं देतो तो बारेकरी.

आमचं गाव मोसम नदीच्या काठी, तहाराबादहून नामपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर. मोसम सह्याद्रीत उगवते, मुल्हेरच्या किल्ल्याखालून येते, तहाराबाद, जायखेडा, नामपूर करत मालेगावला गिरणेत मिळते. नदी लहान. पण तिच्यात ठिकठिकाणी दगडचुन्याचे बंधारे आहेत, आणि त्या बंधाऱ्यांच्या पाण्यावर आमच्या भागात फड पद्धत चालायची. मोसम, आरम, गिरणा आणि पलीकडे धुळे जिल्ह्यातली पांझरा, या नद्यांच्या खोऱ्यांत ही पद्धत तीन-चारशे वर्षं चालत आली, असं पाण्याचे अभ्यासक सांगतात. मी चाळीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. तिसरीच्या वर्गाला जिल्ह्याचा भूगोल शिकवताना नद्या, धरणं, पिकं सगळं यायचं, फड कधी आला नाही. म्हणून हे लिहिते आहे.

मी सात-आठ वर्षांची असताना आजोबांची न्याहारी घेऊन फडात जायचे. बाजरीची भाकरी, वर लाल मिरचीची चटणी, फडक्यात बांधलेली. ते मला बांधावर बसवायचे आणि हातातलं काम पुरं करूनच भाकरीला हात लावायचे. ते काम मला अजून दिसतं. चारीच्या कडेला मातीचा बांध असे, तो फावड्याच्या दोन घावांत ते फोडत. पाणी आधी अडखळत आत शिरे, पुढे काडीकचरा ढकलत सरीत धावू लागे. मग आजोबा सरीच्या तोंडाशी पाय घालून उभे राहत. पाणी घोट्याच्या हाडाला लागलं म्हणजे बरोबर. हाडाच्या वर गेलं तर माती वाहून जाते, खाली राहिलं तर सरीच्या शेवटापर्यंत पोहोचत नाही. त्यांच्या घोट्यांभोवती पाण्याची एक रेघ कायमची उमटली होती. त्या रेघेच्या खालची कातडी पांढरट आणि भेगाळलेली होती, वरची काळी.

रात्रीचं बारं असलं की ते शेताच्या खालच्या टोकाला, शेवटच्या सरीच्या तोंडाशी गोणपाट टाकून निजत. पाणी वरून भिजवत भिजवत खाली आलं की त्यांच्या पायांना लागे आणि जाग येई. उठून वरचं बारं मोडायचं, पुढच्या शेताचं फोडायचं, आणि पुन्हा त्या शेताच्या खालच्या टोकाला जाऊन निजायचं. घड्याळ नव्हतं. असं त्यांनी उभं आयुष्य काढलं.

आता फड म्हणजे काय ते सांगते. बंधाऱ्याने अडवलेलं पाणी काठाच्या पाटात वळतं. पाटातून चाऱ्या निघतात, चाऱ्यांतून शेताशेतात जाणारे सारंग. जादा झालेलं पाणी सांडमांतून परत नाल्यात, नदीत जातं आणि खालच्या गावाच्या बंधाऱ्याला मिळतं. वरच्या गावाच्या शेतातून झिरपलेलं पाणीही नदीच्याच वाटेला लागतं. म्हणजे एकाच नदीचं पाणी गावामागून गाव वापरत जातं. पाटाखालची सगळी जमीन मोठमोठ्या फडांत वाटलेली. आमच्या गावी चार फड होते. एका वर्षी एका फडात ऊस, दोन फडांत गहू-हरभऱ्यासारखी हंगामी पिकं, चौथा पावसाच्या भरवशावर सोडलेला. दुसऱ्या वर्षी फेरपालट. एका फडात एकच पीक. तुमचं शेत उसाच्या फडात असेल तर तुम्ही ऊस लावायचा. शेजाऱ्याने गहू आणि तुम्ही ऊस, असं चालायचं नाही, कारण गव्हाच्या पाळीने उसाला पाणी पुरत नाही आणि उसाच्या पाळीने गहू पिवळा पडतो.

पण या पद्धतीचा जीव दुसऱ्याच दोन गोष्टींत होता, असं मला वाटतं. पुस्तकांत त्या चार ओळींत आटोपतात.

पहिली अशी की जवळजवळ प्रत्येक शेतकऱ्याची एक तरी पट्टी प्रत्येक फडात असायची. पट्ट्या अरुंद, लांब, पाटापासून खाली उतरत गेलेल्या. ज्याची एक पट्टी पाटाच्या तोंडाशी, त्याचीच दुसऱ्या फडातली पट्टी शेपटाला. त्यामुळे तोंडाशी बसून पाणी अडवणारा स्वतःच्याच शेपटाचं पाणी अडवत होता. पाण्याची वर्षं आली की सगळ्यांना आली, टंचाई आली की पंच एखादा फड कोरडा ठेवत आणि तो कोरडेपणा सगळ्यांच्या वाट्याला थोडा थोडा येई. जुन्या काळी माणसं मनाने मोठी होती, शेजारधर्म होता, असं आज फार ऐकू येतं. मला ते पटत नाही. माझ्या गावातली माणसं बांधाच्या वीतभर मातीवरून कोर्टात जात. पण पाण्याच्या बाबतीत जमिनीची मांडणीच अशी होती, की शेजाऱ्याचं नुकसान केल्याशिवाय तुमचा फायदा होत नसे आणि शेजाऱ्याचं नुकसान म्हणजे दुसऱ्या फडात तुमचंच.

दुसरी गोष्ट माझ्या घराची. ज्याचं शेत, त्याने पाण्याला हात लावायचा नाही. पाट सांभाळायला पाटकरी, बारं द्यायला बारेकरी, पिकाची आणि पाण्याची राखण करायला जागल्या, आणि या सगळ्यांवर हवालदार. ही माणसं पंच नेमत. माझे आजोबा कुणाचं शेत किती वेळ भिजवायचं ते पंचांच्या ठरावाप्रमाणे करत. मालक बांधावर उभा राहून बघू शकत होता, पण फावडं मारू शकत नव्हता. एखादा हट्टाला पेटला, थोडं अजून राहू दे म्हणाला, की आजोबा अहिराणीत एवढंच म्हणत, ‘पानी गावनं शे, मन्हं नही.’ पाणी गावाचं आहे, माझं नाही. ज्याच्याकडे देण्यासारखं स्वतःचं काहीच नाही, त्याच्याशी भांडणार कसं? त्यांच्या भूमिहीन असण्यातच त्यांचा निःपक्षपातीपणा होता, हे मला फार उशिरा कळलं. गावाने तो फुकटात वापरला असं म्हणणार नाही. खळ्यावर धान्य मिळे, गुऱ्हाळ लागलं की गूळ मिळे. पण पंचांची बैठक बसली की हे सगळे लोक खाली, पायरीपाशी उभे असत. कुठला फड भिजवायचा ते ओट्यावर ठरे आणि भिजवणारा पायरीवरून ऐके. फडाच्या गौरवात लिहिणाऱ्यांनी ही पायरीही लिहावी, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे. बायकांना तर पायरीही नव्हती. माझी आजी उन्हाळ्यात पाटातला गाळ काढायला सगळ्यांबरोबर टोपली घेऊन जायची, पण पाण्याच्या बैठकीत ती कधी गेली नाही.

1972 साली मी बारा वर्षांची होते. त्या वर्षी मोसमेत पाणी होतं ते नावाला. बंधाऱ्याच्या मागे डबकं, आणि पाटात पायाचा तळवा बुडेल इतकीच धार. पंचांनी ऊस लावायचा नाही असं ठरवलं. एकाच फडाला पाणी द्यायचं, आणि त्यातही प्रत्येकाची पट्टी अर्धीच भिजवायची. आजोबा आणि हवालदार यांनी काथ्याची लांब दोरी घेऊन फडाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवी ओढली आणि जिथून दोरी गेली तिथे फावड्याने रेघ मारली. रेघेच्या वरचं भिजेल, खालचं नाही. मोठ्या वाड्याच्या शेतातून रेघ गेली तशीच दोन बिघेवाल्याच्या शेतातूनही गेली. हिवाळ्यात त्या रेघेवर उभं राहिलं की एका बाजूला हिरवं आणि दुसऱ्या बाजूला फुटलेली करपी माती. आमची आई तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि आम्ही शाळेत मिळणाऱ्या सुकडीवर होतो. आजोबांना त्या साली धान्य अर्धंच मिळालं, तेही बरोबर होतं, कारण पीकच अर्ध्या रेघेपर्यंत होतं.

बागलाणात दुष्काळाची आणखी एक आठवण आहे आणि तिचं देऊळ आहे. 1870-71 च्या दुष्काळात सटाण्याचे मामलेदार यशवंत महादेव भोसेकर यांनी सरकारी खजिना भुकेल्या माणसांत वाटला. लोक त्यांना देवमामलेदार म्हणू लागले. सटाण्यात त्यांची यात्रा भरते, आणि नाशिकला गोदाकाठच्या एका पटांगणाला यशवंतराव महाराजांचं नाव आहे. मी पंचवटीत राहते. त्या पटांगणावरून जाताना हात आपोआप जोडले जातात आणि त्याच वेळी आजोबांची दोरी आठवते. एका माणसाने एका वर्षी केलेलं मोठं काम आमच्या तालुक्याने डोक्यावर घेतलं, ते योग्यच आहे. पण पिढ्यान् पिढ्या दर वर्षी शेकडो माणसांनी केलेल्या कामाला नाव नाही, कारण ते काम रोजचं होतं.

निवृत्तीनंतर मी नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसू लागले. हे वाचनालय 1840 सालचं. तिथे 1883 चं नाशिक जिल्ह्याचं गॅझेटियर चाळलं. बागलाण, कळवण या उत्तरेकडच्या तालुक्यांतल्या लहान बंधाऱ्यांची आणि पाटांची दखल इंग्रज अधिकाऱ्यांनी घेतलेली आहे. त्यांना ती घ्यावीच लागत होती, कारण पाटाने भिजणाऱ्या पाटस्थळ जमिनीचा सारा जिरायतीपेक्षा जास्त. 1879 च्या मुंबई पाटबंधारे कायद्याने नद्यांच्या पाण्यावर सरकारचा हक्क सांगितला. पुढे गावोगावच्या बंधाऱ्यांना कायद्यात ‘दुसऱ्या वर्गाची पाटबंधाऱ्याची कामे’ असं नाव मिळालं आणि तिथल्या चालीरीती, हक्क कागदावर नोंदले गेले. 1976 च्या महाराष्ट्र पाटबंधारे कायद्यातही ही दुसऱ्या वर्गाची कामं राहिली. माझ्या आजोबांचं काम सरकारच्या लेखी दुसऱ्या वर्गाचं होतं, हे वाचून मला वाईट वाटलं, हे लपवत नाही. पण त्या दुसऱ्या वर्गानेच त्याला वाचवलंही, कारण सरकारने व्यवस्थापन आपल्या हाती घेतलं नाही, गावाकडेच ठेवलं.

मग फड मोडला कसा? कुणी मोडला नाही. 1911 साली गिरणेवर चणकापूरचं धरण झालं होतं, पुढे मोसमेवर हरणबारी आणि आरमेवर केळझर. धरणं झाल्यावर नदी बारमाही वाहायची थांबली आणि आवर्तनाने येऊ लागली. आवर्तन कधी सुटणार हे पंच ठरवत नव्हते. त्याच सुमारास विहिरींवर विजेच्या मोटारी बसल्या. विहिरीला फडाचंच पाझरलेलं पाणी होतं, पण मोटारीचं बटण मालकाच्या हातात होतं. ज्याची विहीर झाली त्याला आजोबांची गरज राहिली नाही. साखर कारखान्यांच्या दिवसांत उसाचा भाव चांगला होता, मग गव्हाच्या फडातही ऊस शिरला. नंतर डाळिंब आलं. डाळिंबाची बाग पंधरा-वीस वर्षं जागची हलत नाही, तिचा फेरपालट कसा करणार? एका पट्टीत बाग उभी राहिली की त्या फडाची एक-पीक रीत संपली. भावांच्या वाटण्यांत पट्ट्यांचे तुकडे झाले आणि ज्यांना एका ठिकाणी शेत हवं होतं त्यांनी अदलाबदली केल्या. चारी फडांतली एकेक पट्टी जाऊन सगळी जमीन एकाच ठिकाणी आली, आणि तोंडाचा माणूस कायमचा तोंडाचा आणि शेपटाचा कायमचा शेपटाचा झाला. मोटारीपेक्षाही हे मोठं कारण होतं, असं माझं मत आहे. आजोबा 1981 साली गेले. त्यांच्या जागी पंचांनी कुणाला नेमलं नाही.

माझी नोकरी पुढे निफाड तालुक्यात ओझरच्या बाजूला गेली. तिथे माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या घरी गेले असताना ओसरीवर बसलेली माणसं पाणी घनमीटरात मोजण्याविषयी बोलत होती. मी चहाचा कप हातात धरून ऐकतच राहिले. दिंडोरी तालुक्यात कोळवण नदीवर वाघाड धरण आहे. त्याच्या कालव्याच्या अगदी टेलला, म्हणजे शेपटाला, ओझर. वरची गावं पाणी घ्यायची आणि टेलला ते पोहोचायचंच नाही. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेतकऱ्यांना एकत्र बसवलं आणि 1990 च्या सुमारास तिथे महात्मा फुले, बाणगंगा आणि जय योगेश्वर या तीन पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. सरकारने संस्थेला पाणी मोजून द्यायचं, संस्थेने ते सभासदांत वाटायचं, पाणीपट्टी गोळा करायची आणि सरकारला भरायची, असा करार. कुणी कुठलं पीक घ्यावं हे सरकारने सांगायचं नाही. वाटणीला आलेलं पाणी वाचवलं तर ते तुमचंच. बाणगंगा नदीवरचे जुने बंधारे कालव्याच्या पाण्याने भरून घ्यायचे, म्हणजे आजूबाजूच्या विहिरींना पाझर लागेल, आणि मग विहिरीच्या पाण्याचेही पैसे संस्थेला द्यायचे.

हे शेवटचं ऐकून मी कप खाली ठेवला. आमच्या गावात विहिरीने फड मोडला होता. इथे विहीर फडाच्या हिशोबात आणली होती.

वरच्या गावांना हे पटवायला वर्षं लागली. टेलच्या माणसांनी आपापल्या पाहुण्यारावळ्यांतून, लग्नातल्या गाठीभेटींतून, वरच्या गावांत जाऊन ते केलं. पुढच्या दहा-बारा वर्षांत वाघाडच्या साऱ्या लाभक्षेत्रावर मिळून 24 संस्था झाल्या आणि त्यांच्या प्रकल्पस्तरीय संस्थेने अख्ख्या कालव्यांचं व्यवस्थापन हाती घेतलं. 2005 साली राज्याने सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देण्याचा कायदा केला. त्यात पाणी वापर संस्थेच्या संचालकांत शीर्ष, मध्य आणि पुच्छ अशा तिन्ही भागांना सारखं प्रतिनिधित्व ठेवलं आहे. मी ते वाचलं तेव्हा आमच्या गावच्या अरुंद पट्ट्या डोळ्यांपुढे आल्या. तिथे एकाच माणसाचं शेत तोंडाशीही होतं आणि शेपटाशीही. इथे जमीन तशी वाटता येत नाही, म्हणून तीच गोष्ट खुर्च्यांच्या वाटणीत आणावी लागली. ते जमिनीइतकं पक्कं नाही, खुर्चीवरचा माणूस बदलतो. पण तीस वर्षं लोटली तरी ओझरला हे काम चालू आहे, हे मी जवळून पाहिलं आहे. तिथे कालव्यावर पाणी सोडणाऱ्या माणसाला संस्था महिन्याला पगार देते. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मला रडू आलं होतं.

2009 साली एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन विदुषींना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा पेपरात त्यांच्याविषयी आलं होतं. सामाईक पाणी, सामाईक कुरण लोक स्वतःचे नियम करून पिढ्यान् पिढ्या सांभाळू शकतात, हे त्यांनी दाखवलं. स्पेनमधल्या वॅलेन्सियाचे पाटकरी-शेतकरी त्यांच्या पुस्तकात आहेत. तिथे दर गुरुवारी कॅथेड्रलच्या दाराशी पाण्याचे पंच बसतात आणि तंटे तोंडी निकालात काढतात, आजही. मी ते कात्रण जपून ठेवलं आहे.

गेल्या दिवाळीत भाच्याला घेऊन गावी गेले. बंधारा उभा आहे, मागे गाळ भरलेला, चुना अजून धरलेला. पाट काही ठिकाणी बुजलाय, काही ठिकाणी त्यावरून रस्ता गेलाय. आमच्या दुसऱ्या फडाच्या खालच्या टोकाला डाळिंबाच्या बागेच्या कडेला एक म्हातारे गृहस्थ खाट टाकून बसले होते. ऐंशीच्या पुढचे. मला निरखून बघितलं.

‘कोन्ही पोर शे?’

मी आजोबांचं नाव सांगितलं. त्यांना लागलं नाही. मग म्हटलं, बारेकरी.

‘बारेकरीनी नात का तू!’ म्हणत ते खाटेवरून उठले, काठी टेकत बांधाने दहा-बारा पावलं चालले आणि एका जागी थांबून काठीने जमीन दाखवली. ‘आठे निजे तो.’ इथे झोपायचा तो.

तिथे आता ठिबकची काळी नळी गेली होती. नळीच्या एका छिद्रापाशी वाटीएवढी माती ओली होती. भाच्याने चप्पल काढून त्या ओल्या मातीवर पाय ठेवून पाहिला.